आगळ गळू नये म्हणून

बर्फाचे फोटो कुठे आहेत, असं मला सगळे विचारतायत. बर्फ नव्हताच हो! सप्टेंबरचा शेवट होता, झाडांना सफरचंदं लगडली होती, आणि माझ्या फोनमध्ये फोटो आहेत ते बाटल्यांचे. उभ्या बाटल्या, उलट्या टांगलेल्या बाटल्या, वर्तमानपत्रावर आडव्या झोपवलेल्या बाटल्या. माझी सॅक अजून आतून गुलाबी आहे. तुम्ही ट्रेकला किंवा लांबच्या प्रवासाला काहीही पातळ घेऊन जाणार असाल, तेल, लोणचं, कालवण, काहीही, तर निदान त्या सॅकचा तुम्हाला काहीतरी उपयोग होऊ दे, म्हणून भराभर लिहून काढतेय.

तर आधी ताई. माझी मोठी बहीण केतकी. गोरेगावातली चांगली नोकरी सोडून ती हिमाचलला फिरायला गेली आणि तिथलीच झाली. लोकेश नावाच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. त्याची सफरचंदाची बाग आहे, आणि तो पाहुण्यांना डोंगरात फिरवतो. बाबा महिन्याभरात निवळले. आई निवळली नाही. म्हणजे भांडण वगैरे काही नाही, ते झालं असतं तर बरं असं वाटावं इतकं गुळमुळीत. फोनवर फक्त "जेवलीस?" "हो." "बरं." तीन वर्षं हेच. आई एकदाही तिकडे गेली नाही आणि ताईनेही "ये" म्हटलं नाही.

आणि मग ताईला दिवस राहिले. पाचवा महिना लागला तरी उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास नको म्हटलं. वजन वाढायच्या ऐवजी उतरत होतं. एका संध्याकाळी मी फोन स्पीकरवर ठेवून तिच्याशी बोलत होते, आई शेजारी मेथी निवडत होती, आणि ताई एकदम म्हणाली, "सई, मला ना, आईच्या आगळाची सोलकढी प्यायचीय. दुसरं काहीच नको वाटतं."

मी आईकडे बघितलं. आईने मेथीची जुडी खाली ठेवली, उठली, आणि कपाटातून मागची बाटली पुढे घेऊन आली. पिकलेली कोकमं मिठात मुरवून काढलेला तो घट्ट, लालभडक रस. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा लालबागहून इथे मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कला आले तरी आईचं आगळ दर मे महिन्यात होतंच.

"ही शेवटची," आई म्हणाली. "आता थेट पुढच्या मेमध्ये."

"कुरियर करू?"

"कुरियरवाला माझं आगळ उलटं धरेल. तू जा घेऊन."

तीन वर्षांत ताईने आईकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आईने ते ऐकलं होतं. मधल्या दोन हजार किलोमीटरची जबाबदारी माझी!

केबिन रोड, भाईंदर पूर्व

सोबत यायला हर्षदा लगेच तयार झाली. हर्षदा माझी कॉलेजची मैत्रीण, पेणकरपाड्याची, तिथली जुनी आगरी माणसं. आता त्यांच्या घराच्या चारही बाजूंना टॉवर झालेत, पण तिची आई अजून अंगणात सुकट घालते आणि समोरच्या टॉवरवाल्यांचे टोमणे ऐकते. हर्षदा माझ्याशी माझ्यासारखं बोलते, पण चिडली की घरची बोली बाहेर येते.

आम्ही आईला घेऊन केबिन रोडला गेलो. तिथे प्लास्टिकच्या वस्तूंचं एक दुकान आहे, बाहेर बादल्यांचे मनोरे, आत बाटल्याच बाटल्या. काउंटरवर एक गुजराती काका.

"लीकप्रूफ दिखाइए," मी म्हटलं.

"बेन, सब लीकप्रूफ छे."

"ट्रेक पे ले जाना है."

"तो ये वाला जास्ती लीकप्रूफ."

हर्षदा म्हणाली, "गळत न्हाय म्हणजे न्हाय. त्याच्यात जास्ती-कमी काय?"

काकांनी एक बाटली पाण्याने भरली, झाकण लावलं आणि चक्क स्वतःच्या मोबाईलवर उलटी धरली. "गिरा तो मेरा गिरा." पाणी पडलं नाही. आम्ही प्रभावित! आईला मात्र दुसरीच आवडली. गुलाबी, वर एक स्ट्रॉ, ती दुमडली की बंद, उघडली की प्या. मी म्हटलं, आई, हे लहान मुलांचं आहे.

"झोपल्या झोपल्या पिता येईल तिला," आई म्हणाली. "मळमळत असताना उठून बसायला लागू नये."

मग आमची काय बिशाद नाही म्हणायची.

घरी आल्यावर चाचण्या सुरू. हे तुम्ही पण करा, खरंच. बाटलीत साधं पाणी नको, कुंकवाचं पाणी भरा, म्हणजे थेंब दिसतो. झाकणाच्या आतली रबरी रिंग काढून बघा, ती सरकलेली असेल तर बाटली कितीही महाग असो, गळणार. मग उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवा. मग आडवी. मग तिला धक्के द्या. धक्क्यांसाठी आम्हाला काही खास करावं लागलं नाही, हर्षदाच्या स्कूटरच्या डिकीत टाकली आणि गोल्डन नेस्टच्या सिग्नलपासून पेणकरपाड्यापर्यंत गेलो. त्या रस्त्यातून जी बाटली कोरडी बाहेर आली ती हिमालय काय, चंद्रावर पण जाईल असं मला वाटलं होतं.

गुलाबी बाटली पास झाली. घरातला स्टीलचा फ्लास्क पण पास झाला, पण आईने तो बाद केला, कारण आगळ आंबट आणि खारट, धातूत फार वेळ राहिलं की चव फिरते. हर्षदाच्या आईने आमचा सगळा उद्योग बघितला आणि म्हणाली, "बाटली काय बगता गो, बूच बगा. गलतं ते बुचातून."

मी सुचवलं, साधी पाण्याची बाटली घेऊ या का, स्टेशनवर मिळते तसली? आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवाला नैवेद्य पेपरात गुंडाळून दाखवायला सांगितलंय. "फेकायच्या बाटलीत माझं आगळ?"

शेवटी ठरलं. अर्धं आगळ गुलाबी बाटलीत. अर्धं आईच्या भरवशाच्या काचेच्या बाटलीत, पत्र्याचं झाकण, झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा धुतलेला चौकोनी तुकडा, वर रबरबँड, त्यावर चिकटपट्टी, त्यावर परत पिशवी. आणि दोन्हीत वर बोटभर मोकळी जागा. "काठोकाठ भरायचं नसतं, भरलं की सांडतं," हा आईचा नियम. लोणच्याला, दह्याला, आयुष्याला, सगळ्याला लागू. त्या बोटभर जागेनेच आमचा घात केला, पण ते पुढे.

बोरिवली ते चंदीगड

गाडीतलं फार सांगत नाही. पडून राहणं, खाणं, परत पडून राहणं. फक्त तेलाचं सांगते.

आईने ताईच्या केसांसाठी खोबरेल तेल पण दिलं होतं, घाण्यावरचं, एका छोट्या बाटलीत. आमचं सगळं लक्ष आगळावर, तेलाची चाचणी कोण करतंय! राजस्थानात दुपारी डबा तापला आणि हर्षदाने सॅकमध्ये हात घातला तर तिचे सगळे टी-शर्ट चकाकत होते.

"सई. माझ्या कपड्यांना मालिश झालीय."

"उलटी होती का बाटली?"

"उभी होती! बुचाच्या आट्यांतून वर चढलंय ते. तेल हाय का माकड हाय?"

तर लक्षात घ्या, पाणी जिथे अडतं तिथे तेल अडत नाही. तेलाला बाटलीच्या तोंडावर आतलं छोटं बूच पाहिजे आणि ते पण वेगळ्या पिशवीत, कपड्यांत नाहीच. मी हे आईला फोनवर सांगितलं नाही. तेल सांडणं तिच्या लेखी चांगलं नाही, आणि पोटुशी बाईसाठी नेताना तर नाहीच.

"तेल गेलं," हर्षदा टी-शर्ट पिळत म्हणाली. "आता दुसरं पण गेलं ना, तर हाती धुपाटणं घेऊन जाऊ तुझ्या ताईकडे."

"गप गं."

पण मी गुलाबी बाटली काढून बघितली. ठणठणीत कोरडी.

औटच्या पुढे

चंदीगडहून सकाळच्या बसने निघालो. औटपर्यंत मोठी बस, तिथून ताईच्या घराखालच्या बंजारला जायला छोटी. आणि काय रस्ता आहे! एका बाजूला नदी, हिरवी म्हणजे अगदी हिरव्या काचेसारखी, दुसऱ्या बाजूला डोंगर इतका जवळ की खिडकीतून हात काढला तर गवत हातात येईल. आमच्याकडे डोंगर बघायला मान सरळ ठेवून चालते. इथे मान मोडते. बायका डोक्याला रंगीत रुमाल बांधून सफरचंदाच्या पेट्यांवर बसलेल्या, बसमध्ये पेट्या, टपावर पेट्या, सगळ्या बसला सफरचंदाचा वास.

माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, अंगावर पांढरीशुभ्र लोकरीची शाल. इथे मी लिहिता लिहिता जरा थांबतेय कारण मला अजून त्या शालीचं वाईट वाटतं.

मी सॅक मांडीवर घेऊन बसले होते. हर्षदा म्हणाली, "बाटली बघू गो, ठीक हाय ना." मी गुलाबी बाटली काढली. बाहेरून एक थेंब नाही. पण हाताला जरा टणक लागली, फुगल्यासारखी. हर्षदाने बघायला म्हणून स्ट्रॉ उघडली.

कारंजं. खरंखुरं कारंजं! स्ट्रॉमधून लालभडक चिळकांडी उडाली ती सरळ बसच्या छताला, तिथून ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर, आणि उरलेली आजीबाईंच्या शालीवर.

"खून!" आजीबाई ओरडल्या. "खून निकल रहा है लड़की का!"

बस थांबली. कंडक्टर धावत आला. हर्षदाच्या तोंडावर, माझ्या हातांवर लाल लाल. मी "खून नहीं, खून नहीं, कोकम!" असं ओरडतेय आणि कोकम म्हणजे काय हे त्या बसमध्ये कुणाला माहीत असायचं कारण नाही. चिळकांडी काही थांबेना. तेव्हा मला वाटलं, हवा कोंडलीय, झाकणच काढावं. मी झाकण फिरवलं. आणि ड्रायव्हरने, बरोबर त्याच क्षणी, बस बाजूला घ्यायला वळवली.

सगळं गेलं. अर्धं आगळ बसच्या मधल्या वाटेतून सफरचंदाच्या पेट्यांखाली वाहत गेलं.

मी रडायलाच लागले. आजीबाईंनी आधी बोट शालीला लावलं, मग जिभेला.

"खट्टा है," त्या म्हणाल्या. "क्या है ये?"

मी रडत रडत सांगितलं. दीदी पेट से है, कुछ खाया नहीं जाता, माँ ने भेजा है, बस एक और बोतल बची है. आजीबाईंनी शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

"वो दूसरी मुझे दो. मैं पकड़ती हूँ. तुम दोनों से नहीं होगा."

दिली! बंजारपर्यंत काचेची बाटली त्यांनी मांडीत उभी धरून ठेवली, तान्ह्या बाळासारखी. आणि उतरताना आम्हालाच दोन सफरचंदं दिली.

बंजार

लोकेश, म्हणजे आमचा जिजू, स्टँडवर घ्यायला आला होता. शांत माणूस, सगळ्यांना 'जी' लावतो. आमचे लाल हात बघून त्याने आधी घाबरून बॅगा घेतल्या, मग सगळं ऐकून हळूच हसला.

"केतकी सुबह से पूछ रही है, पहुँची क्या. मैंने कहा सई जी का फ़ोन आया था. बोली, सई का नहीं, बोतल का पूछ रही हूँ."

बोतल! मी काचेची बाटली बाहेरच्या पिशवीतून काढली. पिशवीच्या तळाला लाल डबकं. दुधाच्या पिशवीच्या तुकड्याच्या कडेने आगळ पाझरत होतं, पत्र्याच्या झाकणाला आतून तांबूस डाग आले होते आणि वास जरा लोखंडी येत होता. आजीबाईंनी उभी धरली म्हणून थोडक्यात निभावलं होतं, पण त्याआधी दोन दिवस ती सॅकमध्ये आडवी होती.

आणि इथून पुढे सगळा चढ. गाडी जात नाही, बागांमधून पायवाट.

मला काही कळेना. सगळ्या परीक्षा पास झालेल्या बाटल्या एकाच दिवशी कशा नापास होतात? मग समोरच्या दुकानात नजर गेली. चिप्सच्या पाकिटांची माळ लटकत होती आणि प्रत्येक पाकीट उशीसारखं फुगलेलं. आमच्या मीरा रोडच्या दुकानात ती कशी सुरकुतलेली असतात! मी ओरडलेच, "हर्षु! हवा!"

समुद्राकाठी भरलेली हवा वर आली की फुगते. आईने सोडलेली ती बोटभर जागा, तिच्यातली हवा, तीच आगळाला बाहेर ढकलत होती. स्ट्रॉच्या बाटलीत तर तिला आयता नळ मिळाला. आम्ही आमच्या बाटल्यांना खड्डे दाखवले, उलटं टांगलं, सगळं केलं, पण उंची कुठून दाखवणार? मीरा-भाईंदरमध्ये सगळ्यात उंच म्हणजे आमच्या बिल्डिंगची गच्ची.

हर्षदाने तिच्या सॅकच्या बाजूची पाण्याची बाटली काढली, स्टेशनवर घेतलेली, उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "ही घे."

"आई मारेल."

"आई वरती हाय का?"

एक ढाबा होता तिथे. तिथल्या माणसाने दुसरी एक रिकामी बाटली कापून तिच्या वरच्या भागाचं नरसाळं करून दिलं. बाटली आतून चांगली झटकून कोरडी केली. मी ओतत होते, हर्षदाने बाटली धरली होती, लोकेश नुसता श्वास रोखून उभा. मग महत्त्वाचं, लक्ष द्या! बाटली दोन्ही बाजूंनी दाबायची, आगळ अगदी तोंडाशी येईपर्यंत दाबायची, आणि तशीच दाबलेली असताना झाकण घट्ट. आत हवाच नाही. जी काही चुकून राहील तिला फुगायला बाटलीला पोचे आहेत. एकसंध झाकण, ना स्ट्रॉ, ना बटण, ना पट्टी. उलटी केली. काही नाही. पिळली. काही नाही. केबिन रोडच्या काकांनो, जास्ती लीकप्रूफ ते हे.

अर्ध्या बाटलीलाही कमी भरलं. पण होतं.

"चला," मी म्हटलं, "आता नारळ घेऊ आणि जाऊ."

दुकानदाराने मला सुक्या खोबऱ्याचा गोटा दिला. मी म्हटलं, नाही, ओला. त्याने लाल कापडात बांधलेला पूजेचा नारळ दिला. हलवला तर आत गोटा खुळखुळला, पाणी नाही. तिसऱ्या दुकानात माणूस हसायलाच लागला. "मैडम, यहाँ पानी वाला नारियल कहाँ से आएगा?"

मी आणि हर्षदा एकमेकींकडे बघत राहिलो. आईने मला मीठ बांधून दिलं होतं. मीठ! हिरव्या मिरच्या दिल्या होत्या, लसूण दिली होती. पण सोलकढीसाठी नारळ न्यायला पाहिजे हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. कारण आमच्याकडे नारळ कधी आठवून आणायची गोष्टच नाही, तो घरात असतोच. समुद्राकाठच्या माणसाला वाटतं, जिथे माणसं राहतात तिथे नारळ असणारच.

"एक आहे," मी म्हटलं. "माझ्या बॅगेत."

"तो ओटीचा हाय," हर्षदा म्हणाली. "त्याला हात लावशील तर बग."

वरचं घर

चढ दमवणारा होता पण इतका सुंदर की दमल्याचं नंतर कळलं. डोक्यावर लाल सफरचंदं, पायाखाली पडलेली सफरचंदं, मध्ये एखादं अक्रोडाचं झाड. बाटली मी हातात धरली होती. सॅकवर आता माझा विश्वास उरला नव्हता. एका ओल्या दगडावरून घसरून मी चांगली बसकण मारली, पण हात वर! हर्षदाने आधी बाटली घेतली, मग मला उचललं.

ताई दारात उभी होती. मी तिला फोनवर रोज बघत होते, पण फोनमध्ये चेहरा मावतो, मनगटं मावत नाहीत. इतकी बारीक झाली होती. तिने मला मिठी मारली आणि मिठीतच विचारलं, "आहे?"

"आहे. थोडं आहे. ताई, सॉरी, बसमध्ये ना..."

मी बसची गोष्ट सांगितली आणि ती इतकी हसली की तिच्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांना तिथे सगळे अम्मा म्हणतात. त्या म्हणाल्या, ही हसलेली बऱ्याच दिवसांनी ऐकली. त्यांनी गरमागरम सिड्डू केले होते, म्हणजे वाफवलेली जाड भाकरी, आत अक्रोडाचं सारण, वर तुपाची धार. आपल्याकडे मोदकावर सोडतात ना, तशीच धार. मी आणि हर्षदाने पोट फुटेपर्यंत खाल्ले. ताईने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. अम्मांनी ते उचललं. त्यांनी त्यांच्याकडची आंबट गलगलं, म्हणजे मोठी डोंगरी लिंबं, चटणी करून, सरबत करून, सगळं देऊन बघितलं होतं.

मग ओटी. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून आईने फोनवर लोकेशमार्फत अम्मांना विनंती केली होती की तुम्ही भरा. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ, सगळं आईचं. भरणारा हात अम्मांचा. त्यांनी त्यांच्या पद्धतीने त्यात सफरचंद पण ठेवलं आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

ताईने ओटीतला नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं.

"सई, हा ओला आहे."

"ओटीचा आहे."

"अगं पण हा ओला आहे!"

"ओटीचा नारळ असा लगेच फोडत न्हाय," हर्षदा म्हणाली. "आमच्याकडे तरी न्हाय."

"आणि पोटुशीने तर नाहीच," मी म्हटलं. "आईला विचारायला पाहिजे."

"मग विचार ना."

"तू विचार."

 ताईच्या मांडीत नारळ, हात नारळावर. मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे. पण तिने माझा नाही, स्वतःचा फोन घेतला आणि लावला.

"पोचल्या पोरी?" आईचा आवाज.

"पोचल्या."

"आगळ?"

"पोचलं." ताईने माझ्याकडे बघितलं. "आई, ओटीचा नारळ फोडला तर चालेल?"

पलीकडून आमच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तिकडे नारळ मिळत नाही?"

"नाही."

"अख्ख्या हिमाचलात?"

"सुका मिळतो गं. ओला नाही."

"मग तीन वर्षं तू जेवतेस कशाशी?"

ताईने उत्तर द्यायच्या ऐवजी नारळ पोटाशी धरला.  हर्षदाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग आई खाकरली. "देवी काही डोळे वटारून बसलेली नाही. फोडा. तू नको फोडू, लोकेशला सांग. आणि खाली वाटी धरा, पाणी फुकट घालवू नका. आणि व्हिडिओ लावा, मला दिसू दे तुम्ही काय करताय ते."

मग काय, आई फोनमध्ये आणि आम्ही सगळे तिच्या हुकमात! लोकेशने नारळ फोडला, खाली वाटी. खवणी नाही, म्हणून तुकडे करून अम्मा पाट्यावर वाटायला बसल्या. "उनको सांग, कोमट पाणी, गरम नको," आई. "उनको हिंदीत सांगायचं असतं," ताई. "मग तू सांग हिंदीत." फडक्यातून दूध पिळलं, घट्ट, पांढरं. त्यात मिरची-लसणाचा ठेचा. आणि मग पाण्याच्या त्या फेकायच्या बाटलीतून आगळाची धार. आईने बाटली बघितली. मी डोळे मिटले. "हळू ओता," ती एवढंच म्हणाली. दूध गुलाबी झालं, अम्मा "अरे वाह" म्हणाल्या.

ताईने पेला तोंडाला लावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे. एक घोट. दुसरा घोट. पेला खाली.

"खारट झालीय," ताई म्हणाली.

"खारट?" फोनमधून आई. "माझं आगळ खारट?"

"तू दरवर्षी खारट करतेस."

"मीठ नको घालू तर टिकेल कसं? तुझ्यापर्यंत आलं ते मिठामुळे आलं!"

"मग नंतर मीठ घालायचं नाही ना कढीत! ठेच्यात परत कशाला घालायला लावलंस?"

"चिमूटभर सांगितलं होतं. सई, किती घातलंस तू?"

अम्मा घाबरून माझ्या कानाशी आल्या. "झगड़ा हो रहा है?"

"नहीं अम्मा जी. बात कर रहे हैं."

ताईने भांडता भांडता पेला संपवला आणि परत पुढे केला. मग थोड्या लाल भातावर घालून घेतली. मग अजून थोडा भात. आम्ही अंगणात ऊन उतरताना बघत बसलो, वाट बघत, की आता उठून धावेल मोरीकडे. नाही धावली. पाय पसरून बसली, बोटं चाटली, आणि आईशी मिठावरून चालूच.

आगळाची बाटली आता रिकामीच्या जवळ आली होती. मला वाटलं आई विचारेल, किती उरलं. तिने विचारलं, "केतकी, तो चढ कसा आहे गं? सईने व्हिडिओ पाठवला त्याच्यात नुसते दगडच दिसले."

"आहे थोडा," ताई म्हणाली. "का?"

"काही नाही. माहिती म्हणून. गुडघ्याला पट्टा लावला तर जमण्यासारखा आहे का?"

ताईने लोकेशकडे बघितलं. लोकेशला मराठी फार कळत नाही, पण गुडघा कळला असावा, कारण तो लगेच मान हलवायला लागला, हो हो, मी हात धरून आणेन, अशी.

"हळूहळू चढलीस तर जमेल," ताई म्हणाली. "मधे बसायला बाकडं आहे."

"मी येतेय असं नाही म्हटलं मी."

"मी पण तसं नाही म्हटलं."

परत कुकरची शिट्टी. आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग स्टुलावर बसल्याचा.

"बरं, मला एवढं सांग," आई म्हणाली. "बाळंतपण होईपर्यंत म्हटलं, तर नारळ किती लागतील?"